वेदप्रतिपाद्य आणि स्वसंवेद्य : संतांचे ग्रंथवाचन आणि आत्मप्रचीती

प्रास्ताविक

मागील घटकात आपण वारकरी संप्रदायाची जडणघडण आणि ओवी-अभंग या रचनाप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्या साहित्याच्या पोटात असलेल्या एका प्रश्नाकडे वळावयाचे आहे. धर्मग्रंथाला प्रमाण मानणारा साधक ग्रंथातील सत्य स्वतःच्या ठिकाणी अनुभवू लागला, म्हणजे अंतिम प्रमाण कोणते उरते? ग्रंथ की अनुभव?

हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा नाही. काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावरील एका संपर्कसत्रात ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीचे विवेचन चालू असताना एका प्रौढ विद्यार्थिनीने मला थांबविले. त्यांच्या घरी दर श्रावणात पारायण होत असे. त्यांनी विचारले, "सर, ग्रंथात आहे म्हणून मानायचे, की मला पटते म्हणून? आणि मला पटले, हे ठरविणारी मी कोण?" प्रश्नाचा पहिला भाग पुष्कळांना सुचतो. दुसरा भाग त्याहून अवघड आहे, आणि संतसाहित्य ज्या टोकाशी झगडते ते टोक हेच आहे. त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे आणि पुस्तकी होते. हा घटक लिहिताना तो प्रश्न माझ्यासमोर आहे.

'अधिकार' हा शब्द

आरंभी एका शब्दाची ओळख करून घेऊ. आजच्या मराठीत 'अधिकार' म्हणताच सत्ता, हुद्दा, हक्क असे अर्थ मनात येतात. 'अधिकारी' म्हणजे कचेरीतला साहेब. संस्कृत शास्त्रपरंपरेत मात्र या शब्दाचा व्याप निराळा आहे. पाणिनीच्या व्याकरणात अधिकारसूत्र म्हणजे असे सूत्र, की ज्याचा अंमल पुढील अनेक सूत्रांवर चालतो. मीमांसेत अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची आणि त्याचे फळ मिळविण्याची पात्रता. वेदान्ताने तोच अर्थ ज्ञानाच्या क्षेत्रात आणला आणि ब्रह्मविद्येचा अधिकारी कोण, या प्रश्नाने ग्रंथाचा आरंभ करण्याची प्रथा पडली. वारकरी मंडळी आजही एखाद्याविषयी 'ते अधिकारी पुरुष होते' असे म्हणतात, तेव्हा त्यात हुद्द्याचा लवलेश नसतो. त्या माणसाच्या बोलण्यामागे अनुभवाचे बळ आहे, एवढेच त्यांना सुचवायचे असते.

एकाच शब्दात पात्रता आणि प्रामाण्य असे दोन अर्थ नांदत असल्यामुळे आपल्या प्रश्नाचेही दोन पदर होतात. ग्रंथ वाचण्याची पात्रता कोणाला, हा एक. वाचून जे उमगले त्याला प्रामाण्य कोठून येते, हा दुसरा. मध्ययुगीन महाराष्ट्रात पहिल्या प्रश्नाचे उत्तर जन्मावर ठरत असे. संतांनी दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने पहिल्याला हात घातला.

उपनिषदे आणि शंकराचार्य

ग्रंथाच्या पलीकडे जाण्याची खूण ग्रंथातच आढळते, ही भारतीय परंपरेतील एक लक्षणीय गोष्ट आहे. मुंडकोपनिषदाने विद्येचे परा आणि अपरा असे दोन प्रकार केले आणि ऋग्वेदादी चारही वेदांची गणना अपरा विद्येत केली. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतो, आपण शिकलेल्या विद्यांची लांबलचक यादी सांगतो आणि मान्य करतो, की मला मंत्र कळतात, आत्मा कळत नाही.

शंकराचार्य श्रुतीला प्रमाण मानणारे कडवे भाष्यकार. तरीही ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी त्यांनी म्हटले आहे, की धर्मजिज्ञासेत केवळ श्रुती प्रमाण असली, तरी ब्रह्मजिज्ञासेत श्रुतीबरोबर अनुभवही प्रमाण आहे. कारण ब्रह्मज्ञानाचा शेवट अनुभवात होतो. चौथ्या अध्यायाच्या भाष्यात तर ज्ञान झाल्यावर श्रुतीचाही अभाव आम्हाला मान्यच आहे, असे ते निःसंकोचपणे लिहितात. त्याच भाष्यातील अपशूद्राधिकरणात मात्र शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार त्यांनी नाकारला. इतिहास-पुराणांच्या द्वारे ज्ञान मिळण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली. म्हणजे अनुभवाचे प्रामाण्य मान्य, पण त्या अनुभवाकडे नेणाऱ्या मुख्य दाराशी पहारा कायम. ही विसंगती पुढे मराठी संतांच्या वाट्याला आली.

ज्ञानेश्वरी : पहिली ओवी

इ. स. १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचे हे निरूपण. ज्याने ते केले त्या तरुणाचा स्वतःचाच अधिकार वादग्रस्त होता. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारल्यामुळे या चार भावंडांपैकी तिघा भावांना मुंज नाकारली गेली आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. ज्याला वेद म्हणण्याचा हक्क द्यावा की नाही याची चर्चा झाली, तोच गीतेचा अर्थ लोकभाषेत सांगावयास बसला, हे ध्यानात ठेवून पहिली ओवी वाचावी.

त्या ओवीत आद्य परमात्म्याला उद्देशून दोन विशेषणे जवळजवळ आली आहेत : 'वेदप्रतिपाद्य' आणि 'स्वसंवेद्य'. पाठ करताना ती सहज ओठांवरून निघून जातात. भाषेच्या अभ्यासकाने मात्र येथे क्षणभर थांबावे. दोन्ही विशेषणांच्या शेवटी 'य' प्रत्यय लागलेली कृदंते आहेत : प्रतिपाद्य म्हणजे प्रतिपादन करण्याजोगा, संवेद्य म्हणजे जाणण्याजोगा. दोन्ही समास तृतीया तत्पुरुष. आता कर्ता कोण ते पाहा. पहिल्या समासात कर्ता वेद आहे : ज्याचे प्रतिपादन वेदांनी करावे असा. दुसऱ्यात कर्ता 'स्व' आहे : ज्याला स्वतःच स्वतः जाणावे असा. प्रतिपादन वेदांनी करायचे, जाणायचे मात्र ज्याचे त्याने. आणखी एक गोष्ट अशी, की 'वेद' आणि 'संवेद्य' हे दोन्ही शब्द जाणणे या अर्थाच्या 'विद्' धातूपासूनच आले आहेत. ग्रंथरूप झालेले जाणणे आणि अंतरात घडणारे जाणणे एकाच मुळाची दोन पाने आहेत, असा अर्थ येथे नकळत उमटतो. तो कवीने जाणून योजला असेल काय? माझ्या मते होय. ज्ञानेश्वरांना शब्दांची जी जाण आहे ती पाहता हा योगायोग मानणे कठीण जाते.

सूर्य उगवला म्हणून

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भरून वाहणारे पाणी आणि लहानसा जलाशय यांचा दृष्टान्त देऊन जाणत्या माणसाला वेदांचा उपयोग किती, हे सांगणारा एक श्लोक आहे. त्याचा अन्वय लावताना भाष्यकारांत मतभेद झाले. ज्ञानेश्वरांनी त्या वादात न शिरता आपले दृष्टान्त मांडले. सूर्य उगवला की सगळेच रस्ते दिसू लागतात, म्हणून कोणी सगळ्या रस्त्यांनी चालू लागतो काय? सारी पृथ्वी जलमय झाली, तरी आपण तहानेपुरतेच पाणी घेतो ना? त्याचप्रमाणे जाणते लोक वेदार्थाचा विचार करतात आणि त्यातील शाश्वत, आपल्याला हवे तेवढे स्वीकारतात.

दृष्टान्त साधे आहेत, पण त्यांतून वाचनाची एक रीत सांगितली गेली आहे. ग्रंथ प्रकाश देतो. चालण्याची दिशा ज्याला जायचे आहे त्याच्या गरजेने ठरते. येथे 'विचार' आणि 'स्वीकार' या दोन क्रिया वाचकाकडे आल्या आहेत. मात्र निवड लहरीवर सोडलेली नाही. तहान आपली असली, तरी घ्यायचे ते शाश्वत असावे, ही अट दृष्टान्तालाच जोडलेली आहे.

गाठोडे सोडणारा 'मी'

सहाव्या अध्यायात ही वाचनरीत सर्वाधिक धीटपणे प्रकट होते. गीतेत तेथे आसन, ताठ ठेवलेले शरीर, नासिकाग्री दृष्टी आणि मनाचा संयम एवढाच उल्लेख आहे. कुंडलिनी हा शब्द गीतेत कोठेही नाही. ज्ञानेश्वरांनी या मोजक्या श्लोकांच्या निमित्ताने कुंडलिनीच्या जागृतीचे शरीराच्या अणुरेणूपर्यंत जाणारे विस्तृत वर्णन केले. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ या परंपरेतून त्यांना मिळालेले हे योगज्ञान आहे.

कोणी म्हणेल, मुळात नसलेले त्यांनी ग्रंथात घातले. ही शंका त्यांनाही अपेक्षित असावी, कारण वर्णन संपताच त्यांनी आपली बाजू मांडली आहे. नाथपंथीयांच्या संकेताचा हा विषय श्रीकृष्णाने गीतेत केवळ सूचित केला. त्या सूचनेचे गाठोडे मी सोडले आणि आतील वस्त्राची घडी झटकून तुम्हा गिऱ्हाइकांपुढे उलगडली, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव आहे. सूचित अर्थासाठी त्यांनी योजलेला शब्द 'ध्वनित' असा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात आनंदवर्धनाने ध्वनी म्हणजे व्यंग्यार्थ हा काव्याचा आत्मा मानला. व्यंग्यार्थ शब्दात असतोही आणि नसतोही. सहृदय वाचकाला तो जाणवतो, इतरांना जाणवत नाही. ज्ञानेश्वरांनी गीता अशा ध्वनिकाव्याप्रमाणे वाचली. त्यामुळे स्वतःचा साधनानुभव हा त्यांच्यासाठी ग्रंथाबाहेरचा पुरावा राहत नाही. ग्रंथ ऐकू येण्याचे तेच साधन होते.

त्याच ठिकाणी कापडाच्या व्यापाऱ्याची भाषा बोलताना त्यांनी 'म्यां' हे प्रथमपुरुषी रूप वापरले आहे. हा 'मी' गुरूच्या नावाने बोलणारा आहे, नम्र आहे. पण उलगडण्याची जबाबदारी त्याने दुसऱ्या कोणावर टाकलेली नाही.

याच अध्यायात पुढे अर्जुन विचारतो, की या योगाला काही योग्यता लागते काय? गीतेत हा प्रश्न नाही. तो ज्ञानेश्वरांनी अर्जुनाच्या तोंडी घातला आहे, यावरूनच त्याचे महत्त्व कळावे. श्रीकृष्णाचे उत्तर असे : योग्यतेची काय कोठे खाण असते? योग्यता प्राप्तीवरून कळते. ज्याने केलेले काम फळाला येते तो योग्य. जो थोडासा विरक्त झाला आणि देहधर्मांत नियमाने वागू लागला, तोच येथे अधिकारी नव्हे काय? जन्माचा उल्लेखही न करता जन्माधिष्ठित अधिकाराची कल्पना येथे बाजूला सारली आहे. अठराव्या अध्यायात हीच गोष्ट अधिक उघडपणे येते. वेद संपन्न खरा, पण तीन वर्णांच्याच कानी लागल्यामुळे त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, असे ज्ञानेश्वर म्हणतात आणि हे उणेपण फेडण्यासाठीच तो गीतारूपाने सर्वांना सेव्य झाला, असे सांगतात. वेदाचा मान राखून त्याला कंजूष म्हणणे, हे धैर्य सामान्य नव्हे.

स्वयं-अध्ययनासाठी : ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील योग्यतेविषयीचा संवाद मूळ ग्रंथातून मोठ्याने वाचा. 'योग्यता' आणि 'अधिकारी' हे शब्द तेथे कोणत्या अर्थाने आले आहेत, ते आठ-दहा ओळींत लिहा.

अमृतानुभव : न बोलले असते तरी

ज्ञानेश्वरी हे निरूपण आहे. तिला गीतेचा आधार आहे. अमृतानुभव हा दहा प्रकरणांचा स्वतंत्र ग्रंथ. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव एक सिद्धान्त मांडतात, की अज्ञानाच्या सापेक्ष असलेले ज्ञानही बंधनच होय. आधारासाठी ते दोन वचनांचा निर्देश करतात : शिवसूत्रात ज्ञानाला बंध म्हटले आहे, आणि गीतेत सत्त्वगुण ज्ञानाच्या संगाने बांधतो असे सांगितले आहे. शैव आणि वैष्णव दोन्ही साक्षी मिळाल्यावर कोणत्याही शास्त्रकाराने समाधान मानले असते. ज्ञानदेव पुढे म्हणतात, की शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही. त्यांनी सांगितले नसते, तरी ते असेच असते.

मराठी भाषेत ग्रंथप्रामाण्याविषयी इतके स्पष्ट विधान मला क्वचितच आढळले आहे. ते साक्षी आधी देतात आणि मग सांगतात, की निर्णय साक्षींवर अवलंबून नव्हता. वचने निरुपयोगी आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे. एखाद्या गावाला जाऊन आलेला माणूस नकाशा फाडून टाकत नाही. मात्र गाव तेथे आहे हे सांगताना त्याला नकाशाची शपथ घ्यावी लागत नाही.

तुकोबा आणि रामदास

सतराव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला, तो तुकोबांच्या निमित्ताने. वेदांचा अर्थ आम्हालाच ठाऊक आहे, इतरांनी केवळ ओझे वाहिले, अशा आशयाचा त्यांचा अभंग सर्वश्रुत आहे. शूद्र म्हणून जन्मलेल्या माणसाने श्रुतीचा अर्थ बोलावा, या आक्षेपातूनच वह्या इंद्रायणीत बुडविण्याचा प्रसंग आला आणि विरोध करणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचे अनुयायी झाले, असे परंपरा सांगते. इतक्या ठामपणे बोलणारे तुकोबा दुसरीकडे वारंवार सांगतात, की हे बोल माझे नव्हेत, बोलविणारा वेगळाच आहे. ही परस्परविरुद्ध विधाने नाहीत. ज्या 'मी'ला वेदार्थ कळला तो देहूचा वाणी म्हणून मिरविणारा 'मी' नव्हे, असे त्यांना म्हणावयाचे आहे. आमच्या विद्यार्थिनीने विचारलेल्या 'ठरविणारी मी कोण?' या प्रश्नाला तुकोबांचे उत्तर बहुधा असेच असते.

येथे एक धोका उघड आहे. बोलविता धनी वेगळा, असे कोणीही म्हणू शकेल. दंभी गुरूंची महाराष्ट्रात तेव्हाही वाण नव्हती आणि आजही नाही. संतांना याची पुरेपूर जाणीव होती. दासबोधाच्या पहिल्याच समासात रामदासांनी ग्रंथाचे आधार सांगताना उपनिषदे, श्रुती इत्यादींची नावे घेतली आणि त्यांत मुख्य म्हणून आत्मप्रचीती सांगितली. पण ती शास्त्रासहित. अन्यत्र त्यांनी शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या तिन्हींची सांगड घातली आहे. आपल्याला जे उमगले ते ग्रंथाशी आणि जाणत्या माणसाच्या बोलण्याशी ताडून पाहावे, असा हा व्यवहारी दंडक आहे. 'प्रचीती' हा शब्दही मोठा नेमका आहे. अनुभव एखादे वेळी येऊन जातो. प्रचीती पुन्हा पुन्हा पटावी लागते. बोलीत आपण औषधाची प्रचीती येते असे म्हणतो, ते याच अर्थाने.

बहिणाबाई : दाराबाहेरची वाचक

या प्रश्नाची खरी किंमत कोणी मोजली, हे पाहायचे तर बहिणाबाईंकडे (१६२८–१७००) वळले पाहिजे. देवगावी जन्मलेल्या आणि शिऊर येथे समाधिस्थ झालेल्या या कवयित्रीची, जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्याशी गल्लत करू नये. त्यांचे लग्न लहानपणीच वयाने पुष्कळ मोठ्या असलेल्या ब्राह्मण बिजवराशी झाले. कोल्हापुरास असताना कीर्तनांतून तुकोबांचे अभंग कानी पडले, त्यांचा ध्यास लागला आणि स्वप्नात त्यांचा उपदेश झाला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे नवऱ्याला असह्य झाले. त्याने मारहाण केली. हे सारे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत स्वतः नोंदविले आहे, आणि मराठीतील आत्मचरित्रपर लेखनाचा तो एक अगदी आरंभीचा नमुना मानला जातो.

ज्ञानेश्वर आणि तुकोबा यांच्यापुढे जातीचे वा शुद्धीचे दार होते. बहिणाबाईंपुढे आणखी एक दार होते. वेद आणि पुराणे मोठ्याने सांगतात, की स्त्रीच्या संगतीत हित होत नाही. मला तर जन्मानेच स्त्रीचा देह मिळाला, मग परमार्थ मी कसा साधावा, असे त्या विचारतात. हा प्रश्न ज्या ग्रंथांना त्या पवित्र मानतात त्यांनाच उद्देशून आहे. ग्रंथ नाकारला तर आधार जातो. ग्रंथ जसाच्या तसा मानला तर वाचणारीच नाकारली जाते.

त्यांनी धरलेली वाट पाहण्यासारखी आहे. ब्राह्मण कोण, याचा विचार करणाऱ्या वज्रसूचीचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. जीव ब्राह्मण म्हणावा, की देह, की जाती, की ज्ञान, की कर्म, असा एकेक पर्याय तेथे घेतला जातो आणि टिकत नाही म्हणून सोडला जातो. शेवटी ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, हा निर्णय उरतो. वेदपाठाचा अधिकार नसलेल्या बाईने शास्त्राचाच एक ग्रंथ हाती घेऊन अधिकाराची व्याख्या तपासली. शूद्र गुरू का केला, या घरातल्या प्रश्नाचे ते उत्तरही होते. तुकोबा ब्रह्म जाणत असतील, तर त्या ग्रंथाच्याच न्यायाने ते ब्राह्मण ठरतात.

अभ्यासकाने मात्र येथेच थांबू नये. याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावर अभंग रचले, पती हाच देव असे सांगितले आणि नवरा आजारी पडला तेव्हा त्याची सेवा केली. नंतर त्याचे मन पालटले आणि ते कुटुंब देहूला गेले. काही वाचकांना या अभंगांत माघार दिसते, काहींना संसारात राहून शोधलेली वाट. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. स्त्रीदेहाविषयीचा तो प्रश्न आणि पतिव्रतेची ही स्तुती त्यांच्या अभंगसंग्रहात काही पानांच्या अंतरावर शेजारी नांदतात, आणि मृत्यूपूर्वी मुलाला आपले मागील जन्म सांगताना त्यांच्या आवाजात कोठेही संकोच नाही. वर्गात हे अभंग शिकविताना मी दोन्ही प्रकारचे अभंग एकाच दिवशी वाचावयास देतो. ती प्रौढ विद्यार्थिनी त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसली होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, की मला बाईंशी बोलायला मिळायला हवे होते.